तिसऱ्या झाडाखालचं पाणी

तोबारा,
२७ मार्च

ती. फुमिए ताईस,
कोहेईचा सा. न. वि. वि.

लिहितो लिहितो म्हणता नवं वर्ष उलटलं, बर्फ वितळलं, आणि आता फुलंही आली. खोटं कशाला बोलू? आधी कागद नव्हता. कागद मिळाला तर पेन हरवलं. दोन्ही हाताशी होती त्या दिवशी खानावळीतली मांजर व्यायली आणि पिलं बघण्यात संध्याकाळ गेली. त्यातलं एक तर अगदी आपल्या शाळेतल्या मास्तरांसारखं दिसतं, डोळ्यांभोवती काळी वर्तुळं, आणि चेहरा असा की आता छडी काढेल. तू म्हणशील, पोरगा बावीस वर्षांचा झाला तरी वाटेत दिसेल त्याच्या मागे जातो. जातो खरा.

सध्या फुलांच्या मागे चाललोय. चेरी दक्षिणेकडून फुलत फुलत वर येते आणि इवामुरा मालकांच्या हातगाड्या तिच्या पाठोपाठ. नदीकाठी जिथे झाडांची रांग, तिथे आमची रांग. माझ्याकडे समुद्रातले माकूळ, कोळशावर भाजलेले. त्यांचा धूर इतका अंगात मुरलाय की गावागावात कुत्री माझ्या मागे लागतात. मुली मात्र अजून नाही. मालक म्हणतात की कुत्र्यांना पारख असते.

मालकांबद्दल तुला लिहायला हवं. पोट हे एवढं, गुडघे दुखरे, आणि तोंडात शिवी नसेल तर त्यांना बरं नाही असं आम्ही समजतो. पण माणूस जपून चालणारा. रांगेतल्या बाकीच्यांच्या आधी जे झाड फुलतं त्याच्याखाली ते कधी गाडी लावू देत नाहीत. म्हणतात, त्याला जायची घाई झालीय, आपण कशाला निरोपाला उभं राहायचं.

तर परवाची गोष्ट सांगायला बसलो होतो, तीच राहिली. आमच्या कापडी छपराच्या मेखा ठोकायचं काम माझं. नदीच्या बांधावरची माती किती कडक असते तुला माहीत आहे, हाताला फोड येतात. परवा एका जागी पहिल्याच घावाला मेख डोक्यापर्यंत आत गेली. टोफूत काडी जावी तशी. मी खूश झालो, हसलो. मालक हसले नाहीत. गाडी उचल म्हणाले. मी म्हटलं की एवढी मोक्याची जागा सोडायची कशाला, तर म्हणाले की गाढवा, जिथे जमीन न मागता तोंड उघडते तिथे धंदा करत नसतात.

रात्रभर पाऊस पडला. सकाळी जाऊन बघतो तर तिथे बैल मावेल एवढं भगदाड, आणि बांधाच्या अलीकडे, घरांच्या बाजूला, चहासारखं पाणी उसळत होतं. लोक सांगत होते की गेले दोन-तीन दिवस तिथे स्वच्छ पाण्याचा झरा वाहत होता, बायका भाजी धूत होत्या. नदी एवढीशी म्हणून पोती टाकून निभावलं. नंतर त्यांनी खणलं तेव्हा जुन्या चेरीचं मूळ निघालं. मूळ कसलं, नुसती साल. आतलं लाकूड कुजून वाहून गेलेलं आणि साल मात्र शाबूत, गोल, आरपार. मी आत हात घातला, कोपरापर्यंत गेला. रिकाम्या बाहीत हात घातल्यासारखं वाटलं, आणि पलीकडून कुणी धरलं तर, असं मनात येऊन पटकन काढला. तिथे पूर्वी झाड होतं म्हणे. वाळलं, कापलं, बुंध्यावर माती ओढून दुसरं लावलं.

तेव्हा मला आपल्या घरामागच्या बांधावरची चेरीची तीन रोपं आठवली. मी घर सोडलं त्या वर्षी बाबांनी लावलेली. जुन्या झाडांचे बुंधे बाबांनी उपटून काढले होते ना गं? सहज विचारतो.

आणखी एक. मालकांनी यंदा एप्रिलच्या मध्याला निशिवादा ठरवलंय. मी त्यांना सांगितलं की तिथली माणसं हट्टी आणि चिकट, माकूळ घेणार नाहीत. ते म्हणाले, म्हणजे तू तिथलाच. माझं पोट त्या आठवड्यात दुखणार आहे, आत्ताच सांगून ठेवतो. बाबांसमोर उभं राहायचं धैर्य अजून विकत मिळत नाही.

उत्तर हायामेच्या टपाल कचेरीच्या पत्त्यावर धाड. तोमोएला मामाकडून गालगुच्चा. लोभ शिळा झाला असेल तर जरा गरम करून घे.

तुझा,
कोहेई

•

निशिवादा,
२ एप्रिल

चि. कोहेई यास,
अ. उ. आ. त्यातले निम्मे त्या मांजरीच्या पिलांना दे, त्यांच्यामुळे का होईना तुझं पत्र लांबलं आणि एवढं मोठं झालं.

आम्ही खुशाल आहोत. तोमोए सहा वर्षांची झाली. तिचे वडील गेल्यावर मी इथे आले तेव्हा रांगत होती, आता मला शिकवते. मामाला माकुळाचा वास येतो हे ऐकल्यापासून तिला तुझ्याबद्दल फार आदर वाटू लागलाय.

पत्र मी मोठ्याने वाचलं. बाबा समोरच गवताची दोरी वळत बसले होते. तुझं नाव ऐकून त्यांनी पाठ फिरवली. पत्रातल्या कुत्र्यांपाशी त्यांची पाठ हलली, म्हणजे हसले. मेखेपाशी मात्र हात थांबले, आणि बुंध्यांचं विचारलंस तिथे ते उठून बाहेरच गेले. जेवताना बोलले. म्हणाले की जो पोरगा एका जागी बूड टेकवू शकत नाही त्याने बांधाची काळजी करू नये.

नाही कोहेई, बुंधे उपटले नव्हते. मला चांगलं आठवतं. उपटले असते तर शेजारच्या झाडांची मुळं दुखावली असती, आणि रांगेत वर्षभर दात पडल्यासारखी खिंड दिसली असती. बाबांनी जमिनीलगत करवत चालवली, वर माती ओढली आणि रोप लावलं. आईच्या मांडीवर लेकरू बसवलंय म्हणाले. सगळ्या गावाने वाहवा केली, तूही ऐकली असतीस, पण तू त्याच आठवड्यात गेलास.

तू त्यांच्यावर हसू नकोस. आजोबांनी ही झाडं हौसेने लावली नव्हती. हिवाळ्यात माती गोठून-सुटून बांध भुसभुशीत होतो, पावसाळ्याआधी तो चोपायला हवा, आणि फुकट कोण चोपणार? फुलं असली की गाव लोटतं. म्हणून फुलं. दर वर्षी बहराच्या रविवारी सगळ्यांनी लाकडी खडावा घालून बांध तुडवायचा, आणि पुढे आपल्या घरचा माणूस. आजोबांनंतर बाबा. बाबांनंतर कोण, हा विषय घरात निघत नाही. साठ वसंतांचे पाय या मातीवर पडलेत असं बाबा म्हणतात, तेव्हा त्यांना कुणी मेखेच्या गोष्टी सांगू नयेत.

पण तुला म्हणून लिहिते. घरामागच्या मुळ्याच्या वाफ्यात, बांधाच्या पायथ्याशी, महिन्याभरापासून झरा लागलाय. पाणी स्वच्छ, गार. तोमोए तिथेच मुळे धुते आणि बाहुलीलाही आंघोळ घालते. मला बरंच वाटलं होतं, विहिरीवरची खेप वाचते. तुझं पत्र वाचल्यापासून बरं वाटत नाही. तीन रोपांपैकी दोन कळ्यांनी भरलीत. तिसरं, आपल्या न्हाणीघराच्या बरोबर वरचं, यंदा फुटलंच नाही. मी बोटाने ढकलून पाहिलं. तोमोएच्या दुधाच्या दातासारखं हललं.

आणि तिन्हीसांजेला भात शिजत ठेवला की मागून एक आवाज येतो. कुणी तहानलेल्याने घोट घ्यावा तसा. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा घोट. मी बाबांना विचारलं, तर म्हणाले की बेडूक असेल. बेडूक एवढा मोठा घोट घेतो का रे?

डोंगरात बर्फ अजून पुष्कळ आहे. नदी चढलेली आहे, पण दर वर्षी चढतेच.

पोटदुखीचं नाटक करू नकोस. ये. बहिणीचा जीव लागून राहिलाय, त्याला फार ताण देऊ नकोस.

तुझी ताई,
फुमिए

•

हायामे,
६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र आत्ता मिळालं, टपाल कचेरीच्या पायरीवरच बसून उत्तर लिहितोय. या वेळी कागद, पेन, शाई सगळं मागून घेतलं, मांजर दिसली तर डोळे मिटतो.

ताई, तो बेडूक नाही. तोबाऱ्यालाही ज्या घराच्या मागे भगदाड पडलं त्या घरची म्हातारी हेच सांगत होती. भिंतीमागे कुणी पाणी पितंय असं वाटायचं म्हणे. आम्ही सगळे तिला हसलो होतो. मी तर तिला विचारलं होतं की बरोबर काही खातही होतं का.

तू एक कर. झऱ्याच्या तोंडाशी पांढरा पेला धर, भरला की खिडकीत ठेव, आणि जरा वेळाने तळाशी बघ. तळ पांढराच राहिला तर पाणी नुसतं पाणी आहे. तळाशी काही बसलं, तर ते पाणी बांधाला आतून खात बाहेर येतंय. तसं दिसलं की भांडीकुंडी आवरत बसू नकोस. तोमोएला उचल आणि वर जा, देवळात जा, नाहीतर नदीपलीकडे मुकाइदाला ये, कुठेही. आम्ही बहराच्या रविवारी मुकाइदाच्या बाजूनेच येणार आहोत.

पत्राला चार दिवस लागतील म्हणून तारही करतोय. तारेत थोडेच शब्द मावतात, तेव्हा ती उद्धट वाटली तर माफ कर.

बाबांना काय सांगायचं ते मला सुचत नाही. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, मी एका जागी टिकत नाही, मला बांधातलं काय कळतं. पण मी या वर्षी इतके बांध पाहिलेत की पायाखालची माती भरीव आहे की पोकळ हे मेखेच्या आवाजावरून कळायला लागलंय. भरीव माती ठण् बोलते. पोकळ माती काहीच बोलत नाही. काल इथे एका झाडाखाली मालकांनी मला विचारलं की घाव घालताना कान का लावतोस. मी सांगितलं. त्यांनी शिवी दिली नाही, नुसतं डोकं हलवलं, त्यामुळे मी जास्त घाबरलो.

इथे कालपासून दक्षिणेचा वारा सुटलाय. लोक सदरे काढून बसलेत, बाटल्या उघडल्यात, गाणी चालली आहेत, सगळे म्हणतात काय सुरेख उबदार दिवस. मला आपल्या डोंगरावरचं बर्फ दिसतंय. एवढ्या उबेने ते घरी बसून राहील का?

हसू नकोस आणि वाद घालू नकोस, निघ. लोभ नंतर मोजू, आधी निघ.

तुझा,
कोहेई

•

निशिवादा,
११ एप्रिल

चि. कोहेई यास,
अ. उ. आ., आणि या वेळी सगळे तुलाच.

तुझी तार आली तेव्हा मी शेजारी गेले होते. बाबांनीच घेतली. आपल्याकडे तार म्हणजे कुणीतरी गेल्याची खबर, त्यामुळे उघडेपर्यंत त्यांचे ओठ पांढरे पडले होते असं टपालवाला नंतर सांगत होता. तुझंच काही झालं असं त्यांना वाटलं. मग वाचलं, घर सोडा वर जा. भीती उतरली तसा राग चढला. संध्याकाळी फुलांच्या मंडळाच्या बैठकीत त्यांनी ती तार सगळ्यांना वाचून दाखवली. म्हणाले की माझा मुलगा माकूळ भाजता भाजता इंजिनिअर झाला. सगळे पोट धरून हसले. घरी आल्यावर मात्र त्यांनी ती फेकली नाही. देव्हाऱ्यात आईच्या तसबिरीमागे ठेवलीय.

तुझं पत्र काल मिळालं. तुझ्या सांगण्याप्रमाणे मी आज सकाळी पांढरा पेला भरून खिडकीत ठेवला. तोमोएला म्हटलं हात लावायचा नाही, तर ती हनुवटी टेकवून त्याच्यासमोरच बसली, जणू आत मासा येणार आहे. भात होईपर्यंत तळाशी करडी चकती बसली होती. नखाएवढी. तिला ती फार आवडली.

मी पेला नेऊन बाबांसमोर ठेवला. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पेला उचलून एका दमात पिऊन टाकला. वर म्हणाले की उत्तम पाणी आहे, माझ्या बापाच्या बांधाचं. पेला खाली ठेवताना त्यांनी तोंड मिटलं आणि दातांखाली कचकन वाळू चावली गेली. मी ऐकली. त्यांनी ऐकली. तोमोएनेही ऐकली, कारण तिने विचारलं की आजोबा काय खाताहेत.

दुपारी बाबा बांधावर गेले आणि तिसऱ्या रोपाजवळ बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, आता येऊन रविवारचा सोहळा रद्द म्हणतील. आले, आणि खडावांना तेल चोळत बसले. साठ वर्षांत एकदाही तुडवणं चुकलेलं नाही, दुष्काळात नाही, लढाईत नाही. ते थांबवायचं तर आधी गावासमोर म्हणायला हवं की आईच्या मांडीवर लेकरू बसवण्यात चूक झाली. हे शब्द त्यांच्या तोंडून निघण्यापेक्षा दात निघतील. मंडळाच्या बाकी माणसांकडे मी स्वतः गेले होते. ते म्हणाले की तुझे बाबा थांबा म्हणाले तर थांबू, बाबांपेक्षा बांध कुणाला जास्त कळतो.

तोमोएचे कपडे मी एका गाठोड्यात बांधून ठेवलेत. तू म्हणतोस निघ, पण मी निघाले तर हा माणूस एकटा बांधाखाली बसून राहील, हे तुलाही माहीत आहे. आणि त्यांना न्यायचं कसं? लाकडी पुलावर गाड्या सोडणं बंद झालंय, उद्या माणसंही सोडणार नाहीत म्हणतात. राहिली आगगाडी. इथून मुकाइदाकडे दुपारनंतरची ती एकच, दिवसातली शेवटची. बाबा तिच्यात कधी पाय ठेवणार नाहीत. रूळ गावाला लागून गेल्याला किती वर्षं झाली, पण ते एकदाही बसलेले नाहीत, कोणती कधी जाते तेही त्यांना ठाऊक नाही. म्हणतात की गाडी माणसांना उचलून नेते. कोहेईला नेलं.

कळ्या सगळ्या एकदम फुटताहेत. रविवारपर्यंत पूर्ण बहर येईल. असा बहर मी कधी पाहिलेला नाही, फांद्यांची सालसुद्धा दिसत नाही. बायका म्हणतात यंदा झाडं वेडी झालीत. तुझ्या मालकांचं वाक्य आठवून माझ्या अंगावर काटा आला.

घोट आता एकेक येत नाहीत. एकामागून एक येतात.

तू आहेस या भरवशावर मी भात शिजवते आहे. एवढा भरवसा सांभाळ.

तुझी ताई,
फुमिए

•

मुकाइदा स्टेशन,
१४ एप्रिल, रविवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुला टपालाने मिळायचं नाही, मी खिशात घालून आणणार आहे. पण हात रिकामे राहिले तर मी रुळावरून चालत सुटेन, म्हणून लिहितोय.

सकाळी आलो. लाकडी पूल बंद. दोनदा दोर ओलांडायला गेलो, दोनदा पोलिसाने मानगूट धरून मागे आणलं. दुसऱ्या वेळी त्याने विचारलं की एवढी कसली फुलं बघायची घाई आहे. मालक म्हणाले की आगगाडीने जा, वरच्या लोखंडी पुलावरून जाते, आणि तुझ्या गाडीवरचे माकूळ मी भाजतो. त्यांनी आयुष्यात कुणाचे माकूळ भाजलेले नाहीत. तिकीट काढून मी फलाटाच्या टोकाच्या बाकावर बसलोय. तिकडे जाणारी गाडी उशिराने आहे. तुमच्या बाजूने येणारी आधी येईल, तिला इथे वाट दिल्यावर मग माझी.

या बाकावरून सगळा बांध दिसतो. नदी अर्ध्याच्या वर चढलीय आणि रंगाने मातट, मधूनच एखादं मुळासकट झाड वाहत जातं. तिच्या वर ती फुलं. ताई, मी या वसंतात इतक्या नदीकाठांवर फुलं पाहिली, पण असं काही पाहिलेलं नाही. ढग जमिनीवर उतरून रांगेत उभे राहिल्यासारखे. बघवत नाही आणि नजर हटत नाही. आपल्या घराचं छप्पर त्यांच्या खाली, बुडी मारलेल्या पोराच्या डोक्याएवढं दिसतंय.

बारीक पाऊस आहे. तरी लोक जमलेत. कागदी छत्र्यांची रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत. आत्ता निघाले. पुढे कोण आहे ते इतक्या लांबून ओळखायची गरज नाही, पाठ वाकलेली आणि डोक्याला पांढरं फडकं. खडावांचा आवाज पाण्यावरून इथपर्यंत येतोय. लहानपणी या आवाजाने मला झोप लागायची.

पहिलं रोप ओलांडलं. दुसरं ओलांडलं.

थांबले. तिसऱ्यापाशी थांबले. तिसरं रोप तिथे नाहीच, ताई, रांगेत खिंड आहे. बाबा वाकलेत. खडावा काढताहेत असं वाटतं. अनवाणी उभे आहेत. मागच्या छत्र्या एकमेकींवर आपटताहेत. आता त्यांनी दोन्ही हात वर केले.

छत्र्या मागे फिरल्या! ताई, सगळी रांग मागे फिरली, एकेक छत्री बांधावरून खाली उतरतेय, मी बाकावर उभा राहून ओरडलो, स्टेशनमास्तर धावत आले, त्यांना वाटलं मी गाडीखाली जातोय. त्यांना सांगितलं की ते माझे बाबा आहेत. ते म्हणाले, बरं, मग खाली बस.

हे वरचं लिहून बराच वेळ झाला. बांध रिकामा आहे. फुलं तशीच. आपल्या घराच्या बाजूला माणसं पोती वाहताना दिसतात, मुंग्यांसारखी. खालच्या टोकाला, जिथून शेजारच्या गावचे लोक फुलं बघायला चढतात तिथे, कुणीतरी एकटं उभं आहे. झाडापासून खांबापर्यंत दोर ताणलाय आणि ते माणूस येणाऱ्या एकेका घोळक्याला परत पाठवतंय. निळी ओढणी डोक्यावर घेतलेली दिसते. तुझी निळी होती, ना? तू नसशील. तू एव्हाना तोमोएला घेऊन देवळात असशील.

तुमच्याकडची गाडी पुलावर दिसली. फार हळू येतेय.

आली. ताई, या गाडीतून कोण उतरलं सांगू? बाबा. दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरून, पायरी आहे की विहीर अशा बेताने. पायांत काही नाही, गुडघ्यापर्यंत चिखल. पाठीला तोमोए बांधलेली, झोपलेली, तिच्या हातात पांढरा पेला. मागून तू उतरशील म्हणून मी दाराकडे बघत राहिलो, तर गार्डने दार लावलं.

बाबा माझ्याशी बोलले. पाच वर्षांनी बोलले आणि बांधाचंच बोलले. म्हणाले की खडावा काढल्या तर जमीन तळपायाखाली टोफूसारखी थरथरत होती. तुझ्या मेखेचं खरं होतं. मग म्हणाले की दोर फुमिएने मागून घेतला. कुणीतरी टोकाला उभं राहायला हवं, बाहेरगावचे लोक ऐकत नाहीत, पण बाईमाणूस ओरडलं की ऐकतात, तुम्ही तोमोएला घेऊन पुढे व्हा, असं म्हणाली. त्यांनी विचारलं की तू कशी येणार. तर म्हणाली, पुढच्या गाडीने.

आता ते तोमोएला मांडीवर घेऊन या बाकावर बसलेत आणि मला विचारताहेत की पुढची गाडी केव्हा आहे.

तिकडून येणारी दुपारनंतरची ती एकच, हे तुझ्याच पत्रात आहे. माझी गाडी फलाटाला लागतेय. लोभाचं, आशीर्वादाचं सगळं तोंडाने सांगेन. मी येतोय. तू दोर सोड, ताई.

कोहेई